फेरो बेटांची फुटबॉल लीग: दहा संघ, सत्तावीस फेऱ्या आणि जुलै महिना

नॉर्वे, आइसलँड आणि स्कॉटलंड यांच्या मधल्या समुद्रात अठरा बेटांचा एक पुंजका आहे. लोकसंख्या साधारण ५४,०००. वानखेडे स्टेडियम दुसऱ्यांदा भरायच्या आतच सगळी माणसं संपतील. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात मोडतात, पण त्यांची संसद वेगळी, भाषा वेगळी आणि फुटबॉल संघटनाही स्वतःची. ही संघटना १९७९ साली स्थापन झाली, १९८८ मध्ये फिफाची आणि १९९० मध्ये युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाची, सदस्य झाली. पुरुषांची लीग मात्र त्याहून बरीच जुनी आहे. पहिली स्पर्धा १९४२ साली झाली आणि क्लाक्सव्हीक गावच्या केआय क्लबने ती जिंकली.

एवढ्या छोट्या लीगचा गुणतक्ता समजायला पाच मिनिटं पुरतात. पण एखाद्या क्लबचं वर्ष कशावर बनतं किंवा बिघडतं, हे त्या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी कॅलेंडर आणि युरोपीय स्पर्धांसाठीचे युएफाचे प्रवेश-नियम वाचता यायला हवेत.

आधी ढाचा पाहू. वरच्या वर्गात दहा संघ असतात आणि प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी तीनदा खेळतो. म्हणजे प्रत्येकाचे २७ सामने आणि पूर्ण हंगामाचे १३५. तीनदा खेळायचं कारण सरळ आहे. दोनदाच खेळले तर १८ सामन्यांत हंगाम आटपतो, चारदा खेळायचे तर ३६ सामने होतात आणि तेवढे खेळण्याजोगे आठवडे तिथल्या हवामानात मिळत नाहीत. संघ वाढवावेत तर तेवढे चांगले खेळाडू आणायचे कुठून?

या तीनाच्या आकड्यातून एक असमतोल येतो. पहिल्या दोन लढतींत एक घरी, एक बाहेर असा हिशेब बरोबर बसतो. तिसरी लढत कुणाच्या तरी एकाच मैदानावर होते. त्यामुळे काही संघांना घरचे १४ सामने मिळतात, काहींना १३. त्यातही नेमक्या कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी तिसरा सामना घरी आहे, हे फार महत्त्वाचं. विजेतेपदाच्या शर्यतीतले दोन संघ शेवटच्या टप्प्यात भिडणार असतील तर ते मैदान कुणाचं, हे हंगामाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावं.

आणखी एक गोष्ट नवख्या वाचकाला गोंधळात टाकते. मोठ्या क्लबांचे दुसरे संघही खालच्या वर्गात खेळतात आणि तक्त्यात क्लबच्या नावापुढे रोमन दोन लिहिलेला असतो. आपला मुख्य संघ ज्या वर्गात आहे, त्या वर्गात दुसऱ्या संघाला येता येत नाही. त्यामुळे खालच्या वर्गात असा संघ पहिला आला तरी बढती मिळत नाही, ती त्याच्या मागच्या स्वतंत्र क्लबला मिळते. खालच्या वर्गाचा तक्ता पाहताना ही नावं मनातल्या मनात बाजूला काढावी लागतात.

हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. डिसेंबरात तिथे जेमतेम पाच तास उजेड असतो आणि अटलांटिकवरून वादळांमागून वादळं येतात. जूनमध्ये याच्या अगदी उलट, रात्री उशिरापर्यंत लख्ख उजेड. म्हणून दिवसभर काम करून संध्याकाळी सामना खेळणं उन्हाळ्यात सहज जमतं.

गवताची मैदानं तिथे टिकत नाहीत. पाऊस फार, ऊन कमी आणि खडकावर मातीचा थर पातळ. पूर्वी खडी-मुरमाच्या मैदानांवर खेळायचे. १९९० मध्ये पात्रता सामने खेळायची वेळ आली तेव्हा नियमांत बसेल असं गवताचं एकही मैदान बेटांवर नव्हतं, म्हणून 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लांड्सक्रोना शहरात खेळावा लागला. १२ सप्टेंबर १९९० च्या त्या सामन्यात तोर्किल निल्सनच्या गोलवर फेरोने ऑस्ट्रियाला १-० असं हरवलं आणि ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. आज लीग कृत्रिम गवतावर खेळली जाते.

कृत्रिम गवत म्हणजे निव्वळ हिरवी चटई नव्हे. चार ते सहा सेंटिमीटर उंचीचे प्लास्टिकचे तंतू, त्यांच्या बुडाशी वजनासाठी वाळू आणि वर रबराचे बारीक दाणे, अशी साधारण रचना असते. तंतू उभे राहतात आणि पायाला थोडी उसळी मिळते, ती या दाण्यांमुळे. वारा, पाऊस आणि बुटांमुळे दाणे कडेला सरकतात. गोलरक्षकाच्या जागी आणि पेनल्टीच्या ठिपक्याभोवती ते सगळ्यात आधी कमी होतात. यंत्राच्या ब्रशने ते वरचेवर पसरले नाहीत, तर तिथले तंतू आडवे पडतात, चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने घसरतो आणि गुडघ्या-घोट्यांवर ताण येतो. नैसर्गिक गवतावर वाढलेल्या पाहुण्या संघांना ओल्या कृत्रिम मैदानावर पहिली वीस मिनिटं चेंडूचा अंदाज येत नाही, आणि यजमान संघ त्याच वेळेत दाब वाढवतात.

वाऱ्याचं गणित याहून अवघड. २०१९ च्या नियमबदलानंतर नाणेफेक जिंकणारा कर्णधार बाजू निवडू शकतो किंवा किकऑफ घेऊ शकतो. इथे बहुतेकदा बाजूच महत्त्वाची ठरते. वारा पाठीशी घेऊन आधी आघाडी मिळवायची, की आधी वाऱ्याविरुद्ध तग धरून प्रतिस्पर्धी दमल्यावर त्याचा फायदा घ्यायचा? वारा मध्यंतरानंतरही तसाच राहील याचा भरवसा नसतो, म्हणून पहिला पर्याय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. वाऱ्याविरुद्ध गोलरक्षकाने उंच फटका मारला तर चेंडू मधल्या रेषेपर्यंतही पोचत नाही, कधी तर मागे वळतो. म्हणून अशा दिवशी चांगले संघ चेंडू जमिनीवरून छोट्या पासने पुढे नेतात.

आता प्रवास. एचबी आणि बी-३६ हे राजधानी तोर्शाव्नचे दोन क्लब गुंदादालुर या एकाच भागातल्या मैदानावर खेळतात, म्हणजे त्यांच्या आपसातल्या सामन्याला प्रवासच नाही. केआय क्लाक्सव्हीकचा, व्हीकिंगुर गोता आणि लाइर्व्हीक या गावांचा. २००८ साली दोन गावांच्या क्लबांचं विलीनीकरण होऊन तो तयार झाला. खेळाडू अपुरे पडू लागले की शेजारच्या गावांनी एकत्र यायचं, हा तिथला जुना उपाय आहे, आणि प्रत्येक वेळी गावाच्या अभिमानामुळे तो अवघडही जातो.

बेटं समुद्राखालच्या बोगद्यांनी जोडलेली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेला एस्तुरोयचा बोगदा ११ किलोमीटरहून लांब आहे आणि त्याच्या पोटात, समुद्रतळाखाली, वाहनांसाठी चक्क गोल चौक आहे. तोर्शाव्नहून रूनाव्हीकला जायला पूर्वी तासाभराहून जास्त वेळ लागायचा, तो पाव तासावर आला. क्लाक्सव्हीकचा प्रवास जवळपास निम्मा झाला. दक्षिणेकडच्या सुवुरोय बेटाला मात्र अजून बोट धरावी लागते आणि त्यात सुमारे दोन तास जातात. बेटांवरचा सगळ्यात जुना क्लब, १८९२ साली स्थापन झालेला त्वोरोयरीचा टीबी, तिथलाच. समुद्र खवळला की बोट बंद होते, सामना पुढे ढकलला जातो आणि मग एका आठवड्यात दोन सामने अशी ओढाताण होते. मोठा संघ हे निभावून नेतो. टीबीसारख्या क्लबातल्या, दिवसा नोकरी करणाऱ्या खेळाडूंना ते फार जड जातं.

कारण बहुतेक खेळाडू अर्धवेळ आहेत. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी वीजतंत्री, कुणी मासळीच्या कारखान्यात. सराव संध्याकाळी. वरच्या मोजक्या क्लबांत काही जण, विशेषतः बाहेरदेशांतून आणलेले, पूर्णवेळ पगारावर असतात. गुणी तरुण विशीच्या आसपास डेन्मार्क किंवा नॉर्वेला जातात. म्हणजे लीगला आपले सगळ्यात चांगले खेळाडू कायम गमवावे लागतात आणि तरी दर्जा टिकवावा लागतो. हे जमतं ते प्रशिक्षकांमुळे आणि मुलांसाठी संध्याकाळभर उघड्या असलेल्या मैदानांमुळे. मिकयाल थोमासन हे याचं ठळक उदाहरण. त्यांनी केआयला २०१९, २०२१ आणि २०२२ ची विजेतेपदं मिळवून दिली, मग नॉर्वेच्या फ्रेड्रिकस्टाड क्लबला वरच्या वर्गात नेलं आणि २०२४ चा नॉर्वेजियन करंडकही जिंकून दिला. एवढ्या छोट्या लीगमध्ये घडलेला प्रशिक्षक मोठ्या लीगमध्ये उभा राहतो, हे मला कुठल्याही एका निकालापेक्षा मोठं वाटतं.

आता लेखाचा गाभा: जुलै.

युएफाच्या क्लबस्पर्धा तीन: सगळ्यात वर चॅम्पियन्स लीग, मग युरोपा लीग, मग कॉन्फरन्स लीग. लीगचा विजेता क्लब पुढच्या वर्षी जुलैत चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत जातो. देशातल्या बाद पद्धतीच्या करंडक स्पर्धेचा विजेता आणि तक्त्यातले पुढचे संघ कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत. प्रत्येक पात्रता फेरीत दोन सामने, एक घरी आणि एक बाहेर, आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज धरतात. करंडकविजेत्याने लीगमधूनच जागा मिळवली असेल तर ती जागा तक्त्यातल्या पुढच्या संघाकडे जाते. अलीकडच्या वर्षांत फेरोचे एकूण चार क्लब युरोपात खेळले आहेत.

वरवर पाहता चौघांनाही एकेक संधी आहे, पण या संध्या सारख्या नाहीत. कॉन्फरन्स लीगच्या पहिल्या फेरीत हरणारा संघ तिथेच बाद. विजेत्याला मात्र पुन्हा पुन्हा आधार मिळतो. त्याच्यासाठी 'विजेत्यांचा मार्ग' वेगळा आखलेला आहे. त्या मार्गावर फक्त निरनिराळ्या देशांचे विजेते एकमेकांना भेटतात, आपल्या लीगचे विजेते नसलेले मोठ्या देशांचे संघ वाटेत येत नाहीत. हरलं तरी खालच्या स्पर्धेत उतरून खेळत राहता येतं:

पहिल्या फेरीत हार: थेट कॉन्फरन्स लीगची दुसरी पात्रता फेरी.
दुसऱ्या फेरीत हार: युरोपा लीगची तिसरी पात्रता फेरी, तिथे हरलं तर कॉन्फरन्स लीगची प्लेऑफ, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीची शेवटची फेरी.
तिसऱ्या फेरीत हार: युरोपा लीगची प्लेऑफ, तिथेही हरलं तर कॉन्फरन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत जागा पक्की.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. दोन फेऱ्या जिंकल्या की पुढच्या दोन्ही हरल्या तरी मुख्य स्पर्धा हातात. २०२३ मध्ये केआयने नेमकं हेच केलं. प्रशिक्षक होते नॉर्वेचे माग्ने होसेट. पहिल्या फेरीत हंगेरीचा विजेता फेरेन्सव्हारोश समोर होता. घरी ०-०, बुडापेस्टमध्ये ३-०. त्या पराभवानंतर फेरेन्सव्हारोशने प्रशिक्षक स्तानिस्लाव्ह चेर्चेसोव्ह यांना लगेच काढलं. दुसऱ्या फेरीत स्वीडनचा हेकन: घरी ०-०, गोथेनबर्गमध्ये ३-३ आणि पेनल्टींवर विजय. त्या शेवटच्या पेनल्टीने केआय मुख्य स्पर्धेत पोचलं, फेरोचा पहिला क्लब म्हणून. पुढे ते नॉर्वेच्या मोल्डेकडून आणि मग मोल्डोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलकडून हरले, पण जागा गेली नाही.

हे यश समजावताना एक कारण नेहमी दिलं जातं: जुलैमध्ये फेरोचे संघ हंगामाच्या ऐन मध्यावर असतात आणि प्रतिस्पर्धी नुकते सुट्टीवरून परतलेले. फेरेन्सव्हारोशच्या बाबतीत यात तथ्य आहे. हेकनच्या बाबतीत नाही, कारण स्वीडनची लीगही उन्हाळ्यातच चालते आणि तो संघही पूर्ण लयीत होता. मोल्डेचंही तेच, आणि त्यांनाही केआयने घरच्या सामन्यात २-१ असं हरवलं होतं. सगळं श्रेय कॅलेंडरला देणं या खेळाडूंवर अन्याय आहे. आणि एक बारकावा: बाहेरच्या मैदानावरच्या गोलांना जादा वजन देणारा नियम युएफाने २०२१ मध्ये रद्द केला. तो असता तर ०-० आणि ३-३ एवढ्यावरच केआय पुढे गेलं असतं, पेनल्टींची गरजच नव्हती.

२०२४ मध्ये याच केआयने मधली ओळ अनुभवली. लक्झेंबर्गच्या डिफर्डांजला हरवलं, स्वीडनच्या माल्मोकडून हरले, मग बोस्नियाच्या बोराक बान्या लुकाकडून आणि शेवटी हेलसिंकीच्या एचजेकेकडून. तीन पराभव, तरी चार युरोपीय लढती. प्रत्येक लढतीत एक घरचा सामना, तिकिटांचं उत्पन्न आणि युएफाची रक्कम. एक फेरी जिंकण्यात आणि हरण्यात किती फरक पडतो ते इथे दिसतं.

पैशांचे आकडे पाहू. २०२३-२४ च्या कॉन्फरन्स लीगमध्ये गट फेरीत, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पोचणाऱ्या प्रत्येक क्लबला २९ लाख ४० हजार युरो मिळत. शिवाय विजयाला ५ लाख आणि बरोबरीला १ लाख ६६ हजार. केआयच्या गटात फ्रान्सचा लील, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा आणि ओलिंपिया ल्युब्लियाना होते. त्यांनी ओलिंपियाला ३-० हरवलं आणि लीलला ०-० वर रोखलं. बेरीज सुमारे ३६ लाख युरो, तेव्हाच्या दराने तीस कोटी रुपयांच्या वर, आणि यात पात्रता फेऱ्यांची रक्कम धरलेली नाही. संध्याकाळी सराव करणाऱ्या क्लबसाठी ही रक्कम म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च.

मैदानी निकाल देशाच्या खात्यातही जमा होतात. युएफाची देशांची क्रमवारी पाच वर्षांच्या गुणांवर ठरते. पात्रता फेऱ्यांत विजयाला १ गुण आणि बरोबरीला अर्धा, मुख्य स्पर्धेत त्याच्या दुप्पट. पेनल्टींवर निकाल लागलेला सामना बरोबरीतच धरतात. केआयचा २०२३ चा हिशेब मांडून पाहा. फेरेन्सव्हारोशविरुद्ध अर्धा आणि एक. हेकनविरुद्ध अर्धा आणि अर्धा. मोल्डेविरुद्ध एक. शेरीफविरुद्ध घरच्या १-१ चा अर्धा. हे झाले ४. गट फेरीत विजयाचे २ आणि बरोबरीचा १. एकूण ७. पण देशाच्या खात्यात ७ जात नाहीत. त्या वर्षी फेरोचे चार क्लब युरोपात होते, म्हणून चाराने भागायचं: १.७५.

हा भागाकार विसरल्यामुळे खूप जणांचा अंदाज चुकतो. उरलेले तीन क्लब पहिल्याच फेरीत एकही गुण न घेता बाद झाले तर विजेत्याच्या कामगिरीचं वजन चौथाईवर येतं. म्हणूनच बी-३६ किंवा एचबीने एखाद्या एस्टोनियन किंवा आयरिश क्लबविरुद्ध मिळवलेली साधी बरोबरी क्लाक्सव्हीकच्या चाहत्यालाही महत्त्वाची वाटायला हवी. क्रमवारीचा परिणाम लगेच दिसत नाही, एका हंगामानंतरच्या जागा त्यावर ठरतात.

मैदानावर जिंकून भागत नाही, परवाना लागतो. युएफाचा क्लब परवाना खेळ, सामाजिक जबाबदारी, सुविधा, माणसं, कायदा आणि हिशेब अशा सहा बाजूंनी तपासला जातो. किती वयोगटांचे संघ आहेत, मुख्य प्रशिक्षकाकडे योग्य दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आहे का, खेळाडूंचं किंवा दुसऱ्या क्लबांचं देणं थकलं आहे का. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या क्लबांना यात मैदानापेक्षा कागदपत्रंच जास्त दमवतात. शिवाय स्टेडियमच्या श्रेणी असतात: दुसऱ्या श्रेणीला किमान १,५०० आसनं, तिसरीला ४,५००, चौथीला ८,०००. स्पर्धेत जसजसं पुढे जावं तशी वरची श्रेणी लागते. क्लाक्सव्हीकचं मैदान गट फेरीच्या अटींत बसत नव्हतं, म्हणून केआयला गटातले घरचे सामने तोर्शाव्नच्या तोर्सव्होलुर या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळावे लागले. देशांतर्गत लीग ऑक्टोबरमध्ये संपली, तरी त्यांचे युरोपीय सामने डिसेंबरपर्यंत चालले. महिन्या-दीड महिन्यात लीगचा एकही सामना नाही आणि थेट लीलशी गाठ, अशी ती वेळ होती. जुलैत साथ देणारं कॅलेंडर डिसेंबरात विरोधात जातं.

खरा धोका वेगळाच आहे. एकाच क्लबकडे एवढा पैसा आला की बाकीचे नऊ मागे पडतात, तोच क्लब पुन्हा विजेता होतो, पुन्हा 'विजेत्यांच्या मार्गा'वर जातो आणि दरी वाढत जाते. युरोपातल्या कित्येक छोट्या लीग अशाच निर्जीव झाल्या. युएफा स्पर्धेबाहेरच्या क्लबांसाठी संघटनांमार्फत काही रक्कम देते, तीही युवा विकासासाठी, पण ती फारच थोडी असते. फेरोत हे अजून झालेलं नाही. केआयने २०२१ ते २०२३ सलग तीनदा जिंकलं, गट फेरीचे पैसेही त्यांच्याकडे आले, आणि तरी २०२४ ची लीग व्हीकिंगुरने जिंकली. सर्वाधिक, म्हणजे २४ विजेतेपदं असलेल्या एचबीचं शेवटचं विजेतेपद २०२० चं, तेही या शर्यतीतून बाहेर पडलेलं नाही. दरी का वाढली नाही? माझ्या मते एक कारण असं की इथे पैशाने विकत घेता येतील असे खेळाडूच थोडे आहेत. नोकरी, घर, गाव सोडून शेजारच्या बेटावरच्या क्लबात जायला माणूस सहसा तयार होत नाही.

भारतातून ही लीग पाहायची तर वेळ सोयीची आहे. उन्हाळ्यात फेरोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, मार्चअखेरीपर्यंत आणि ऑक्टोबरच्या शेवटी साडेपाच तास. तिथे संध्याकाळी पाचला सुरू होणारा जूनमधला सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला दिसेल. जूनच्या मध्याला युरोपीय पात्रता फेऱ्यांची सोडत निघते, तेव्हा विजेत्याची पहिल्या फेरीची गाठ कुणाशी आणि दुसरा सामना घरी आहे की बाहेर, ते आधी पाहावं. मग प्रतिस्पर्ध्याची लीग उन्हाळी की हिवाळी, हे तपासावं. जुलैत विजेत्याचे सामने मंगळवार-बुधवारी आणि बाकी तिघांचे साधारण गुरुवारी होतात. लगेचच्या रविवारी त्यांच्या लीगच्या सामन्यात राखीव खेळाडू किती उतरले, तेही पाहावं. विजेतेपदाच्या शर्यतीतले गुण बहुधा तिथेच सांडतात.